सुतळीच्या दोन गाठी

थंडर बेला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
मी आणि ओर्वो, आमच्यात एक रिकामी ट्रॉली,
माझ्या कोटाच्या खिशात सुतळी:
पहिली गाठ म्हणजे बाबांच्या खिडकीची चौकट,
दुसरी, कपाटाचं दार.
वृद्धाश्रमानं तेवढीच भिंत दिलीय त्यांना.

दुकानात साठ पडदे.
साठांवर एकच पोपट,
साठ तऱ्हांचा हिरवा.

ओर्वो बेचाळीस इंचीपुढे उभा राहिला,
गोठलेल्या तळ्यात भोक पाडून
गळ टाकल्यावर उभा राहतो तसा,
हलेचना.
मी सुतळी ताणली. लोंबली दोन्हीकडून चौकट.
छातीवर टॅविश असं नाव लावलेला पोरगा आला,
म्हणाला, मॅडम, टीव्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात.
म्हटलं, बाळा,
भिंत नाही रे मोजत तशी.

बत्तीस इंची, तीनशे एकोणऐंशी, वर कर.
प्लेअर पंचावन्नला.
दोघांना जोडणारी केबल मात्र एकोणसाठ डॉलर.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

पलीकडे टोपलीत रचलेले
हरलेल्या जातीचे प्लेअर,
सोबत पाच चकत्या फुकट.
घेऊया? ओर्वोचा हात गेलाच.
टॅविश आजूबाजूला बघून कुजबुजला,
नका घेऊ, तसल्या चकत्या आता कुणी बनवणार नाही.
ओर्वो म्हणाला, बाबांसारखे बाबाही नाही बनवत कुणी,
आणि टोपलीतला तो खोका उगाच पुन्हा नीट ठेवला.

मग मी पिशवीतून आमची चकती काढली.
चर्चच्या तळघरात वेइको काकांनी
जुन्या रिळावरून उतरवलेली,
वर फेल्टपेननं फक्त: केर्तू, १९७४.
पहिल्या प्लेअरनं बाहेर थुंकली.
दुसरा बराच वेळ गुरगुरला आणि गप्प झाला.
तिसऱ्यानं लिहून दाखवलं, वाचता येत नाही.
चौथा, सगळ्यांत स्वस्त,
नाव कधी न ऐकलेलं,
त्यानं घेतली.

एकोणसाठ पोपट आणि आई.
धक्क्यावर उभी, हातात कोपरापर्यंत लांब मासा,
कॅमेऱ्याला म्हणतेय काहीतरी, रिळाला आवाज नाही.
टॅविश म्हणाला, यात नसलेले ठिपके
यंत्र अंदाजानं भरतं.
जरा रुंद वाटली ती मला,
पण त्या उजेडात
सगळंच रुंद वाटत होतं.

केबल घेतली नाही.
जुन्या तीन रंगांच्या वायरीनंही चालतं,
हेही टॅविशनंच सांगितलं, हळूच, मालक वळल्यावर.

बाबांच्या खोलीत गाठीला गाठ बसली.
बोटभर जागा उरली, त्यात ओर्वोनं पावती खोचली,
चौदा दिवसांत परत करता येतो म्हणून.
बाबा पलंगावर, मांडीवर पुल्लाची बशी,
या खटाटोपाकडे
दुसऱ्याच्या घरचं भांडण बघावं तसे बघत.

आई आली.
गाल वाढलेले, खांदे वाढलेले,
मासासुद्धा फुगून ओंडक्याएवढा.
चौकोनी जुनं चित्र
या लांबट पडद्यानं ताणून आपल्या मापाचं केलं होतं.
बाबा हसले. मार्चनंतर पहिल्यांदा.
एवढी कधी जेवली ही?

मी रिमोटवरची बटणं दाबत सुटले.
भाषा बदलली, रंग उडाला, आवाज वाढला नसलेला,
आणि मग सापडलं:
दोन बाजूंना दोन काळ्या पट्ट्या,
मधे आई, तिच्या खऱ्या अंगाची,
चोवीस वर्षांची, शेलाटी.

बाबांनी बशी बाजूला ठेवली.
नको, म्हणाले.
मघाशी होती तशी कर.
शेवटी फार वाळली होती.

मी बटण दाबलं.
ओर्वो खिडकीत जाऊन
रिमोटच्या सेलवरचा मजकूर वाचत उभा राहिला,
पुष्कळ वेळ,
जणू तो बारीक अक्षरांत फार मोठा होता.